रंगाखालचं सांगूनच गाडी विका
(वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं)

या वेळी पत्रांमध्ये एमजीबीवाल्यांचीच (एमजी कंपनीची जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार) गर्दी आहे. साहजिक आहे म्हणा, १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षं इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यातून ही गाडी बाहेर पडत होती, पाच लाखांच्या वर बनल्या, पार्ट अजून मिळतात, त्यामुळे जुनी स्पोर्ट्स कार स्वतःच्या हाताने उभी करायची म्हटलं की खूप जण फिरून फिरून हिच्यापाशीच येतात. मी स्वतः एक एमजीबी जीटी (पक्क्या छताची) केली आणि नंतर विकलीसुद्धा, म्हणून या पत्रांना जरा जास्तच जीव लावून उत्तरं दिलीत.

प्रश्न : ताई नमस्कार. माझी १९६६ ची एमजीबी रोडस्टर (पक्कं छत नसलेली) आहे, पूर्ण सुटी करून परत जोडायला सात वर्षं लागली, सिल (दाराखालची पत्र्याची लांब पेटी), फ्लोअर, इंजिन, वायरिंग सगळं घरीच केलं. आता खांद्याच्या ऑपरेशननंतर स्टिअरिंग झेपत नाही, गाडी महिनोन्‌महिने कव्हरखाली असते, म्हणून विकायचं ठरवलंय. दोन गोष्टींवर अडलोय. जेवढे पैसे घातले त्याच्या जवळपासही कुणी बोलत नाहीये. आणि डाव्या सिलचं काम हे माझं आयुष्यातलं पहिलं वेल्डिंग होतं, मजबूत आहे असं मला वाटतं पण सुबक अजिबात नाही, वरून रंग इतका छान बसलाय की कुणाला कळणारही नाही. सांगायचं का?

उत्तर : दादा, दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करते. सांगा. गाडी बघायला येण्याआधी, पहिल्या फोनवरच सांगा.

कारण सिल म्हणजे शोभेची पट्टी नाही हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहितीये, सात वर्षं तुम्ही तिच्या खाली झोपून काम केलंय. हिच्या आधीच्या एमजीए मॉडेलला वेगळी चासी होती, एमजीबीला ती नाही, बॉडी हाच सांगाडा आहे आणि रोडस्टरला वर छत नसल्यामुळे दारांच्या खालचा बहुतेक भार या दोन सिलच घेतात. उद्या त्या सीटवर कुणीतरी बसणार आहे आणि तुमच्या वेल्डिंगवर त्याचा जीव असणार आहे. तुम्ही "मजबूत आहे असं मला वाटतं" लिहिलंय ना, त्यातलं "वाटतं" मला खटकलं. विकण्याआधी एखाद्या चांगल्या वेल्डरकडून, तुमचा मित्र नसलेल्या वेल्डरकडून, गाडी वर घेऊन ते काम बघून घ्या, आतून छोटा कॅमेरा घालता येतो. त्याने ठीक म्हटलं तर तसं लिहून घ्या. नाही म्हटलं तर नीट करून मग विका किंवा दोष सांगून तेवढे पैसे कमी घ्या.

माझ्या जीटीत उजव्या मागच्या चाकाच्या पुढे फ्लोअरला एक ठिगळ होतं, ते काम आधीच्या मालकाने एका गॅरेजमधून करून घेतलेलं, मी ते खरवडलं, मूळ पत्रा दिसेपर्यंत साफ केलं पण बदललं नाही कारण तेव्हा पैसे संपले होते. विकताना पहिल्या दोघांना सांगितलं, दोघं आले नाहीत. तिसरा आला आणि सरळ खाली झोपून आधी तेच ठिगळ बघितलं, उठून कपडे झटकले आणि म्हणाला, बाकीचं पण तुम्हीच सांगा आता. त्यानंतर तीन तास आम्ही गाडीभोवती फिरत होतो आणि भावाची घासाघीस झालीच नाही म्हटलं तरी चालेल. जाणकार माणसाला तसंही कळतं हो. तो दाराच्या फटी बघतो, वरची आणि खालची सारखी आहे का, मॅग्नेट फिरवतो, जॅकच्या जागा दाबून बघतो. लपवलेलं एक सापडलं की तुम्ही केलेल्या दहा चांगल्या कामांवरचा विश्वास पण जातो, आणि ती कामं खरंच चांगली असतात याचं मला जास्त वाईट वाटतं.

आता पैशाचं. तुमचे सात वर्षांचे तास कुणीही मोजून देणार नाही आणि ते मागूही नका. तुमच्या गाडीसारख्या, तशाच अवस्थेतल्या गाड्या शेवटी किती रकमेला गेल्या ते शोधा, जाहिरातीत किती मागितले ते नको, त्या दोन्हीत खूप फरक असतो. भाव ज्याने खरंच वाढतो ती गोष्ट म्हणजे कागद. कामाचे फोटो, तारखा, पार्टांची बिलं, हेड कधी उतरवलं, एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीट कडक धातूच्या बसवल्या का (जुनं हेड शिसं असलेल्या पेट्रोलसाठी होतं, त्यामुळे हे प्रत्येक जाणकार विचारणारच). तुमची १९६६ ची म्हणजे पाच मेन बेअरिंगचं इंजिन आणि मूळची पॉझिटिव्ह अर्थ वायरिंग (बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलेलं). ती तशीच ठेवलीय की बदललीय हे कामाच्या नोंदींच्या वहीत तर लिहाच पण सीटमागच्या बॅटरीच्या झाकणाखालीही चिठ्ठी लावा, नवीन माणूस पहिल्याच महिन्यात उलटी बॅटरी लावून सगळं जाळून बसू शकतो. आणि ब्रिटनमध्ये गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडे कारखान्याची जुनी रजिस्टरं आहेत, तिथून हेरिटेज सर्टिफिकेट मिळतं, गाडी कधी बनली, मूळ रंग कुठला, इंजिन नंबर कुठला, ते त्यात येतं. नसेल तर मागवून घ्या.

गिऱ्हाईक येणार त्या दिवशी इंजिन आधीच गरम करून ठेवू नका, थंड इंजिन त्याच्यासमोर सुरू होऊ दे. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून आकडे हातात ठेवा, आकडा किती यापेक्षा चौघांत फरक किती हे बघतात. ऑइल प्रेशर गरम झाल्यावर चालत्या गाडीत ५० ते ८० पीएसआय आणि आयडलला १० ते २५ हे हँडबुकातलेच आकडे आहेत, तुमची सुई कुठे असते ते आधीच सांगून टाका. टायरवरचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष, कव्हरखाली ठेवलेल्या गाडीच्या टायरवर नक्षी नवी कोरी दिसते आणि रबर मात्र दहा-बारा वर्षांचं होऊन कडक झालेलं असतं, तसं असेल तर त्या टायरवर कुणालाही ट्रायल देऊ नका. गिऱ्हाईक मिळेपर्यंत दर आठवड्याला पाच मिनिटं सुरू करून बंद करायची सवय असेल तर ती पण सोडा, त्याने तेलात आणि सायलेन्सरमध्ये पाणी साठतं, त्यापेक्षा पंधरवड्यातून एकदा कुणाला तरी चालवायला सांगून चांगली अर्धा-पाऊण तास पळवून आणा. ट्रायलचा इन्शुरन्स आधी तपासा, पैसे खात्यात आल्याचं बँकेला स्वतः फोन करून विचारा, कुणी दाखवलेल्या स्क्रीनशॉटवर किल्ली देऊ नका, आणि नाव बदलायचे कागद त्याच दिवशी पूर्ण करा.

प्रश्न : ताई, वायर व्हीलच्या (तारांच्या आऱ्यांच्या चाकांच्या) एमजीबीत गाडी सुटताना आणि ब्रेक दाबताना मागून "टक्" असा आवाज येतो. गिअरबॉक्स गेला का?

उत्तर : आधी चाक बघा. मागचं चाक उचला, कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि चाक पुढे-मागे हलवा. हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) न हलता चाक थोडं हललं तर हबवरचे दाते (स्प्लाइन) झिजलेत. झिजलेल्या हबवर नवीन चाक घालू नका, ते नवीन चाकाचे दाते पण खातं, दोन्ही एकदम बदलावं लागतं. हब बसवताना बाजूची चूक मात्र अजिबात करू नका, गाडीच्या डाव्या बाजूचे आटे नेहमीचे आणि उजव्या बाजूचे उलटे असतात, अदलाबदल झाली तर चालता चालता चाकाचा मधला नट सैल होत जातो.

प्रश्न : प्रोजेक्ट म्हणून एक १९७२ ची रोडस्टर घेतलीय. मेकॅनिक म्हणतो पुढचा फेंडर न काढता जुन्या सिलवरच नवीन पत्रा चढवू, दोन दिवसांत काम होतं, बाहेरून काही फरक दिसत नाही. करू का?

उत्तर : नको. बरं झालं आधी विचारलंत.

पहिल्या पत्रातली अडचण आणि तुमची अडचण एकच आहे, फक्त तुम्ही अजून सुरुवातीला आहात. सिल ही पेटी असते, बाहेरचा पत्रा, आतला पत्रा आणि त्यांच्या मधला उभा पत्रा. बाहेरचं टोक पुढे फेंडरच्या आत जातं आणि मागे मागच्या फेंडरखाली. त्यामुळे नीट काम करायचं तर पुढचा फेंडर काढावाच लागतो (तो बोल्टवर असतो, काढणं कटकटीचं आहे, अशक्य नाही) आणि मागच्या फेंडरचा खालचा भाग कापावा लागतो. वरून पत्रा चढवला की आतला गंज तसाच राहतो, दोन पत्र्यांच्या मध्ये ओल धरते आणि काही वर्षांनी दोन्ही सडतात, तोपर्यंत रंग मात्र चकचकीत असतो. गंमत म्हणजे गंज लागतो तो त्या पुढच्या फेंडरच्या मागे साठलेल्या चिखलानेच, म्हणजे न काढलेल्या फेंडरमागेच खरा रोग बसलेला असतो.

कापण्याआधी दाराच्या चौकटीत लोखंडी आडव्या पट्ट्या वेल्ड करून घ्या म्हणजे बॉडी मधे वाकणार नाही, आणि गाडीचं वजन सस्पेन्शनवर राहील असा आधार द्या, मधेच कुठेतरी जॅकवर लटकवून वेल्डिंग करू नका. एका वेळी एकच बाजू. प्रत्येक टप्प्याला दार लावून फटी बघा, जिवावर आलं तरी बघा, कारण पूर्ण वेल्ड झाल्यावर दार लागत नाही असं लक्षात आलं तर सगळं परत कापावं लागतं, मी ते एकदा कापलंय. बॅटरी सोडवा, पेट्रोलची टाकी खाली उतरवा. पत्रा ब्रेक क्लीनरने पुसून लगेच वेल्ड करू नका, क्लोरीनवाल्या क्लीनरचा गरम झाल्यावर फॉस्जीन वायू होतो, तो जीवघेणा आहे. आणि दोन घटकांचा रंग स्वतः मारणार असाल तर त्यातल्या आयसोसायनेटसाठी साधा मास्क चालत नाही, बाहेरून हवा पुरवणारा लागतो.

सगळीच बॉडी गेली असेल तर ब्रिटिश मोटर हेरिटेजने १९८८ पासून मूळच्या साच्यांवर एमजीबीचे नवीन शेल (पूर्ण रिकाम्या बॉडी) काढलेत. महाग पडतं, पण सगळ्या बाजूंनी सडलेल्या गाडीला ठिगळं लावत बसण्यापेक्षा कधी कधी तेच शहाणपणाचं असतं. तसं केलंत तर तेही वहीत लिहा. आजपासूनच वही घाला आणि प्रत्येक पत्रा झाकण्याआधी फोटो काढा.

प्रश्न : गाडीत मूळचं इंजिन नाही. विकताना भाव यावा म्हणून जुन्या नंबरची पट्टी बनवून लावता येईल असं एकाने सुचवलं.

उत्तर : करू नका. ही फसवणूक आहे. एमजीबीच्या इंजिनवर नंबर रिव्हेट केलेल्या पट्टीवर असतो म्हणून बदलणं सोपं वाटतं, पण सर्टिफिकेटशी आणि इंजिनच्या प्रकाराशी तो ताडून बघणारे लोक आहेत. कारखान्याकडूनच त्या काळी गोल्ड सील नावाने दुरुस्त केलेली बदली इंजिनं मिळायची, कदाचित तुमचं तसंच असेल, पट्टी नीट वाचा. तसं निघालं तर तो गाडीच्या इतिहासाचा भाग आहे, अभिमानाने सांगा.

प्रश्न : ताई, माझी गाडी घेणारा म्हणतो तो लाल रंग देणार. मी मूळचा रंग शोधून, नमुने जुळवून दिलाय हो. वडिलांनी गाडी घेतली तेव्हाचा रंग आहे तो. त्याला न देता दुसऱ्याला देऊ का? विकल्यावर मला त्रास होईल असं वाटतं.

उत्तर : ताई, त्रास होईल. मला झाला. गाडी गेल्यावर बरेच दिवस मी गॅरेजचा दिवा लावायला जायचे आणि आत तेलाचा वास तेवढा असायचा.

दुसरं गिऱ्हाईक असेल आणि घाई नसेल तर खुशाल थांबा, गाडी कुणाला द्यायची हा तुमचाच हक्क आहे, आणि तो किल्ली देईपर्यंतच आहे. नंतर त्याने लाल केली काय, दुसरं इंजिन घातलं काय, गाडी त्याची. "रंग बदलणार नाही" असं तोंडी वचन घेऊन कमी पैशात देऊ नका, वचन मोडलं तर पैसा आणि मन दोन्ही जातं. त्यापेक्षा त्याला विचारा गाडी किती चालवणार, कुठे ठेवणार, खाली झोपून बघितली का. माझ्याकडून ज्याने घेतली त्याने रंग बदलला. फोटो पाठवला तेव्हा मी दोन दिवस उत्तर दिलं नाही. मग वर्षाने त्याचा फोन आला, मागच्या ब्रेकचं काम चालू होतं आणि माझ्या वहीतलं एक अक्षर लागत नव्हतं, पान वाचून दाखवायला लागला, तेव्हा कळलं की ठिगळ काढून तिथे पूर्ण नवीन फ्लोअर बसवलाय त्याने आणि त्याची नोंद माझ्याच वहीत माझ्या पानापुढे केलीय.

एक मात्र लिहून घेता येतं, पुढे कधी विकायची झाली तर आधी तुम्हाला विचारायचं. बरेच लोक आनंदाने देतात. आणि रंगाचा कोड, उरलेला डबा आणि वडिलांचा गाडीबरोबरचा फोटो असेल तर त्याची एक प्रत, हे सगळं गाडीसोबत द्या, उद्या त्याला किंवा त्याच्यानंतरच्या माणसाला मूळ रंग परत द्यावासा वाटला तर शोधायला कुठे जाणार तो.