कोरियन तलवारकला: मूळ शोधताना सुरुवात कुठून करावी

कोरियन तलवारकलेबद्दल नेहमी सांगितलं जाणारं 'दोन हजार वर्षांची अखंड परंपरा' हे वाक्य आधी बाजूला ठेवा. नवखे तिथेच फसतात. सुरुवातीला एवढंच पाहा:

- आज शिकवलं जाणारं कुम्दो (बांबूच्या तलवारीने खेळायची कोरियन तलवारबाजी) हे जपानी केन्दोतूनच आलं. नियम आणि साहित्य जवळपास सारखंच.
- हेदोंग गुम्दो (आणखी एक कोरियन तलवारपद्धत) १९८० च्या दशकात आकाराला आलं. गोगुर्यो या प्राचीन कोरियन राज्याच्या काळाशी त्याचं नातं सांगतात, पण त्याला कागदोपत्री पुरावा नाही. सराव म्हणून कला उत्तम आहे, तो वेगळा मुद्दा.
- खरा आधार १७९० चा 'मुयेदोबोतोंगजी'. राजा जोंगजोच्या आज्ञेने झालेल्या या ग्रंथात २४ युद्धप्रकार आहेत.

पण हा ग्रंथही डोळे मिटून वाचू नका. त्यातलं 'बोनगुक गोम' हे तलवारतंत्र शिल्ला या जुन्या कोरियन राज्यातल्या ह्वारांगांपर्यंत, म्हणजे तिथल्या तरुण योद्ध्यांपर्यंत, नेलेलं आहे. ती दंतकथा, आणि शिल्ला तर ९३५ सालीच संपलं. 'येदो' या तलवारतंत्राचा भाग १६२१ च्या 'वूबेइझी' या चिनी युद्धग्रंथावरून घेतलाय, आणि गंमत म्हणजे तो चिनी लेखक ही पद्धत चोसॉनमधून (तेव्हाच्या कोरियातून) मिळाल्याचं सांगतो! शिवाय 'वेगोम' या नावाने जपानी तलवारबाजीही त्यात उघडपणे नोंदवली आहे.

म्हणून प्रत्येक दाव्याला एकच प्रश्न विचारा: सर्वांत जुना लेखी उल्लेख कोणत्या सालचा? पवित्र्यांची तुलना नंतर करू.