'वच्चिन' की 'वच्चानु'?

प्रश्न : आम्ही सोलापूरचे पद्मशाली, घरात तेलुगू बोलतो. धाकटी सून ओडिशातल्या ब्रह्मपूरची. माहेरी ओडिया, पण तेलुगूही झरझर बोलते. 'मी आले' याला मी 'वच्चिन' म्हणते, ती 'वच्चानु'. तिची आत्या संबलपूरला दिली आहे. आत्याचं ओडिया सुनेलाच परकं वाटतं. यात शुद्ध कोणतं?
— एक सासूबाई, सोलापूर

उत्तर : ताई, 'वच्चिन' अगदी बरोबर आहे. ते सोडू नका. सोलापुरात मागावर बसलेली बहुतेक पद्मशाली घराणी तेलंगणातून आली आणि तिकडे 'वच्चिन'च म्हणतात. त्यातला 'इन' आंध्रच्या किनारपट्टीवर गळाला आणि तिकडे 'वच्चानु' झालं, तुमच्या तोंडी तो टिकला. पुस्तकं आणि सिनेमे बराच काळ कृष्णा-गोदावरीकडच्या बोलीत चालले, म्हणून ती शुद्ध आणि बाकीच्या गावंढळ असं लोकांना वाटू लागलं. मला याचं फार वाईट वाटतं.

मी नोकरीची एकवीस वर्षं रेल्वेच्या वॉल्टेअर म्हणजे विशाखापट्टणमच्या विभागात काढली. आंध्रातलं पलासा स्टेशन ओलांडून गाडी ब्रह्मपूरकडे निघाली की डब्यातली माणसं एका वाक्यात तेलुगू, दुसऱ्यात ओडिया बोलायची. तेलुगू द्राविडी, ओडिया मराठीची चुलत बहीण. पण गंजामच्या, म्हणजे ब्रह्मपूरच्या जिल्ह्यातल्या, ओडियात तेलुगू शब्द सहज मिसळलेले असतात. सुनेच्या दोन भाषा तिथल्याच.

आत्याबाईंचं वेगळं. कटक-पुरीकडे शब्दाच्या शेवटचा स्वर पूर्ण उच्चारतात, 'घर' म्हणजे जवळजवळ 'घॉरॉ'. संबलपुरी माणूस तो स्वर टाकतो आणि आपल्यासारखं 'घर' म्हणतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला क्षणभर गावी आल्यासारखं वाटलं. शेजार छत्तीसगढचा आहे ना! संबलपूर 1905 पर्यंत मध्य प्रांतात होतं, कारभार नागपूरहून चाले. 1895 मध्ये तिथल्या कचेऱ्यांत ओडिया काढून हिंदी आणली. लोकांनी विरोध केला आणि काही वर्षांत ओडिया परत आणली. आत्याबाईंची बोली 'बिघडलेलं ओडिया' आहे असं कुणी म्हटलं तर हेही सांगा.

आणि शुद्ध-अशुद्धाचं म्हणाल, तर परळाखेमुंडीच्या गिडुगु राममूर्तींनी त्यासाठी उभा जन्म वेचला. ते तिथे मास्तर होते. पुस्तकं पंडितांच्या जुन्या भाषेत नकोत, लोकांच्या बोलण्यातल्या तेलुगूत लिहा, असा त्यांचा आग्रह होता. डोंगरातल्या सवरा लोकांची भाषाही ते शिकले. त्यांचा जन्मदिवस, 29 ऑगस्ट, आज तेलुगू भाषा दिन म्हणून पाळतात. ते गाव 1936 मध्ये ओडिशात गेलं, आणि सुनेच्या माहेराहून फार लांब नाही.

आत्याबाई सोलापूरला आल्या की त्यांना 'घर' म्हणायला सांगा, मग सुनेला, मग तुम्ही म्हणा. नातवंडांना शेजारी बसवा.