विचारा मेस्त्रींना : पोराला सुतारकामाला घालू का?

(उत्तरं देणारे लेखक कोल्हापूरचे. आधी उद्यमनगरात पॅटर्नमेकर (लोखंडाच्या ओतकामासाठी लाकडी नमुने करणारे) होते, नंतर आयटीआयत सुतारकामाचे शिल्प निदेशक, म्हणजे शिकवणारे, झाले. आता निवृत्त आहेत.)

प्रश्न : थोरल्याला दहावीला ५२ टक्के पडले. त्याला सुतारकामच शिकायचंय. गल्लीतले मेस्त्री म्हणतात, "आयटीआयत वर्ष कशाला घालवता, माझ्याकडं पाठवा, सहा महिन्यांत कपाट करायला लागेल." त्याचे वडील म्हणतात, आपल्यात कुणी हे काम केलेलं नाही, पावण्यांत काय सांगायचं? – एक आई, कसबा बावडा

उत्तर : ताई, आधी पावण्यांचं उरकून टाकू. ज्या सिनेमावाल्या बाबूराव पेंटरांचं नाव आपण कोल्हापूरकर छाती फुगवून घेतो, त्यांचं मूळ आडनाव मेस्त्री. सिनेमाचा कॅमेरा त्यांनी ह्याच गावात हातानं जुळवला. एवढं सांगूनही पावणे गप्प बसले नाहीत तर त्यांच्या घरातलं मॉड्युलर किचन कुणी केलं आणि त्यानं किती घेतले, ते विचारा.

आता मेस्त्रींचं. सहा महिन्यांत कपाट करायला लागेल हे खोटं नाही. आठ बाय चारचं प्लायचं शीट कापायचं, सनमायका चिकटवायचा, बिजागऱ्या बसवायच्या, एवढं तेवढ्यात येतं. पण त्यातला पहिला महिना चहा आणण्यात आणि भुसा झाडण्यात जातो, पुढचे दोन सनमायक्यावर सांडलेला फेविकॉल पुसण्यात. मेस्त्री वाईट नसतो हो. त्याला दिवाळीच्या आत साइट द्यायची असते. कपाट असं का जोडायचं, तसं का नाही, हे सांगत बसायला त्याला सवड कुठली?

म्हणून माझं म्हणणं : आधी आयटीआय, आणि रविवारी, सुट्टीत तेच मेस्त्री. दोन्ही पाहिजे, पण क्रम हाच.

सुतारकामाचा ट्रेड एक वर्षाचा. आठवी पासवर प्रवेश मिळतो, म्हणजे तुमच्या पोराची दहावी वरकड झाली. वर्षाचे १२०० तास, त्यातले ८४० नुसतं हातकाम. शेवटी परीक्षा आणि देशभर चालणारं प्रमाणपत्र. राज्यात प्रवेश व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या पोर्टलवरून होतो, दहावीच्या निकालानंतर. यंदा कुठल्या संस्थेत ह्या ट्रेडच्या किती जागा आहेत, ते अर्ज भरायच्या आधी कळंबा रोडच्या शासकीय आयटीआयत जाऊन विचारा. पोराला बरोबर न्या. खिडकीपाशी त्यालाच बोलू द्या.

आयटीआयत असं काय शिकवतात, असं वडील विचारतील. मी काय शिकवायचो ते सांगतो. पहिल्या दिवशी मी रंधा हातात देत नव्हतो. गुण्या, म्हणजे काटकोन बघायचं अवजार, द्यायचो आणि म्हणायचो, हा खरा आहे का खोटा ते सांग. पोरं बघत बसायची. गुण्या तर दुकानातनं आणलेला, लोखंडी, तो खोटा कसा असेल? मग फळीची एक सरळ कड घ्यायची, गुण्याचा दांडा तिला टेकवायचा आणि बारीक पेन्सिलीनं रेघ मारायची. मग गुण्या पालथा करून त्याच टिंबापासून दुसरी रेघ. दोन्ही एकावर एक बसल्या तर गुण्या खरा. फाकल्या तर जेवढी फाक, त्याच्या निम्मी गुण्याची चूक. एका वर्षी वर्गातले सात गुण्ये असे तपासले, तीन वाकडे निघाले. त्यातला एक माझा होता! बारा वर्षं मी तोच वापरत होतो.

त्यानंतर धार. रंध्याचं पातं दगडावर घासून इतकं आणायचं की मनगटावरची लव निघाली पाहिजे. दोन-तीन आठवडे पोरं कंटाळायची. एकदा मात्र सागाच्या फळीवरून कागदासारखी अखंड ढलपी निघाली आणि रंध्यातनं सर्र आवाज आला की त्या पोराचं तोंड बघण्यासारखं व्हायचं. मग हिशोब. आठ फूट लांब, सहा इंच रुंद, दोन इंच जाड सागाची फळी म्हणजे किती घनफूट? आठ गुणिले सहा गुणिले दोन, भागिले १४४, म्हणजे पाऊण घनफुटालाही कमी. हे ज्याला तोंडी येत नाही, त्याला लाकडाच्या अड्ड्यावर कुणीही फसवतं.

आणखी एक वाट सांगतो, कारण ती कोल्हापूरच्या पोरांनाच ठाऊक नसते. आपल्याकडं शिरोली, गोकुळ शिरगाव, उद्यमनगर इथं फाउंड्र्या, म्हणजे लोखंड वितळवून ओतायचे कारखाने, आहेत. वाळूच्या साच्यात लोखंड ओतायच्या आधी त्या भागाचा नमुना लागतो, तोच पॅटर्न. पूर्वापार तो लाकडाचा, आणि तो करणारा मुळात सुतार. ओतलेलं लोखंड थंड होताना आकसतं, बिडाचं (ओतीव लोखंडाचं) साधारण शंभराला एक. म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करायचा. वर यंत्रावर घासायला जादा माल ठेवायचा आणि बाजूंना किंचित उतार द्यायचा, नाहीतर वाळूतनं काढताना साचा ढासळतो. पॅटर्नमेकरची पट्टीच वेगळी असते, तिच्यावरचे आकडे तेवढ्याच हिशोबानं लांब असतात.

मी विशीत एका फाउंड्रीसाठी चारशे मिलिमीटरच्या पुलीचा पॅटर्न केला आणि घाईत साधी पट्टी उचलली. रंग देऊन, सँडपेपर मारून असा गुळगुळीत केला की बघतच राहावं. माल ओतला, निघाला तो चार मिलिमीटर कमी. पंधरा पुल्या भट्टीत परत गेल्या. मालक ओरडला नाही, नुसता पॅटर्न माझ्या हातात देऊन निघून गेला. तो अजून माझ्याकडं माळ्यावर आहे. आता पॅटर्न सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या यंत्रावर होतात, लाकडाऐवजी एमडीएफ आणि रेझीन आलं, पण यंत्रात माप घालणाऱ्याला आकसणं कळावंच लागतं. ड्रॉइंग वाचता येणारा सुतार ह्या कामाला लवकर लागतो.

आयटीआयनंतर रेल्वेचंही बघा. मध्य रेल्वेच्या वर्कशॉपच्या अप्रेंटिस भरतीत सुतार ट्रेड असतो, अट दहावीला ५० टक्के आणि आयटीआय. तुमच्या पोराचे ५२ तिथं पुरतात. गल्लीतल्या मेस्त्रींकडं हा कागद मिळत नाही, एवढं त्याच्या वडिलांना सांगा.

प्रश्न : चौदा वर्षं सुतारकाम करतोय, कागद एकही नाही. विश्वकर्मा योजनेत नाव घालू का? गावातला एकजण फॉर्म भरायचे दोन हजार मागतोय. – एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : दादा, दोन हजार देऊ नका. नोंदणी कॉमन सर्व्हिस सेंटरवर (सीएससी) आधार कार्डावर होते आणि ती मोफत आहे. कारागिरांसाठीची ही केंद्र सरकारची योजना १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली, अठरा व्यवसायांत सुतार आहे. पाच ते सात दिवसांचं प्रशिक्षण, रोजचे ५०० रुपये विद्यावेतन आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचं व्हाउचर. मग विनातारण एक लाख कर्ज, ते नीट फेडलं तर पुढं दोन लाख, तुमच्यावर व्याज पाच टक्के. घरातल्या एकालाच मिळतं, सरकारी नोकरदाराच्या कुटुंबाला नाही. ग्रामपंचायत पडताळणी करते, तेव्हा सरपंचांच्या कानावर आधीच घाला.

आठवड्याच्या प्रशिक्षणात तुम्हाला काम शिकवणार नाहीत, ते तुम्हाला येतंच. चौदा वर्षांवर शिक्का बसेल एवढंच. व्हाउचरच्या पैशात शंभर गोष्टी घेऊ नका. एक चांगला राउटर (खाच पाडायचं हातमशीन) आणि दोन चांगल्या पटाश्या घ्या. बाकी तुमच्या पेटीत असणारच.

प्रश्न : मी बारावी कॉमर्स, मुलगी. फर्निचर शिकायचंय. वजन उचलणं, धूळ, मशीन, हे झेपेल का? – एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : झेपेल. प्लायचं शीट एकटा पुरुषही उचलत नाही, उचललंच तर कंबर धरून बसतो. वजनाची काळजी सोड, मशीनची कर. माझ्या डाव्या अनामिकेचं वरचं पेर नाही. एका वर्कशॉपमध्ये रंधा मशीनवर आखूड तुकडा हातानं ढकलत होतो. रोज करायचो, त्या दिवशी तुकड्यात गाठ होती. आखूड तुकडा मशीनवर हातानं नाही, काठीनं ढकलायचा. फिरत्या पात्यापाशी हातमोजा घालायचा नाही, तो बोटासकट आत ओढतो. ओढणी, बांगड्या, मोकळे केस घरी. धुळीचं म्हणशील तर लाकडाचा भुसा १९९५ सालीच कॅन्सरकारक ठरलाय. जुने मेस्त्री तोंडाला रुमाल बांधतात, त्यानं बारीक धूळ अडत नाही. नीट मास्क घे.

एक काम कर. पुढच्या रविवारी लाकडाची एक छोटी चौकट कर, कोपरे खाच-कुसू घालून, म्हणजे एका लाकडाच्या खाचेत दुसऱ्याचं टोक बसवून, खिळा एकही नको. दोन्ही कर्ण टेपनं मोज. दोन मिलिमीटरच्या आत जुळले तर आयटीआयचा फॉर्म भर. पाच-सहाचा फरक आला तरी भर, पण ती चौकट जपून ठेव आणि वर्षानं पुन्हा मोज.