अॅशच्या भोकात तार घालू का? (वाचकांचे प्रश्न, झाडांची उत्तरं)

प्रश्न: नमस्कार. मी मूळचा राजापूरकडचा, हापूसची थोडी कलमं आहेत. सध्या लेकाकडे आलोय, ओहायोत कोलंबसला. मागच्या अंगणात मोठं झाड आहे, लेक म्हणतो अॅश. शेंडा वाळतोय, सुतारपक्षी साल सोलून खोड पांढरं करतोय, बारीक भोकंही दिसतात. झाडं तोडणाऱ्याने बघताक्षणी 'काढून टाका' सांगितलं, आणि आकडा ऐकून सूनबाई गप्पच झाली. आमच्याकडे आंब्याला भिरूड लागला की भोकात तार घालून अळी काढायची, रॉकेलचा बोळा कोंबायचा, वर चिखल. इथे तेच केलं तर?

उत्तर: काका, तार राहू द्या. आंब्याचा भिरूड आत लाकडात बसतो आणि भोकातून भुसा टाकतो, म्हणून तार पोचते तरी. तुमच्या वर्णनावरून हा एमराल्ड अॅश बोरर नावाचा किडा वाटतो, हिरवा चमकणारा, जेमतेम अर्ध्या इंचाचा, मूळचा ईशान्य आशियातला, बहुतेक पॅकिंगच्या लाकडातून अमेरिकेत आला आणि २००२ मध्ये डेट्रॉइटजवळ सापडला, तोवर त्याचा मुक्काम काही वर्षांचा झालेला होता. त्याची अळी सालीच्या लगेच खाली नागमोडी वळणं घेत खात जाते आणि झाडाची अन्न नेणारी वाटच कापते, भुसाही आतच ठासलेला राहतो. तुम्हाला दिसतायत ती भोकं किडा बाहेर पडून गेल्याची, म्हणजे तार घालाल तेव्हा घरात कोणी नाही! भोक जवळून बघा, डी अक्षरासारखं, एक बाजू सपाट, तीनेक मिलिमीटरचं असेल तर तोच.

पण आधी झाड खरंच अॅश आहे ना? फांद्या सागाच्या पानांसारख्या समोरासमोर फुटतात, आणि एका देठावर पाच ते अकरा पर्णिका (छोटी पानं), टोकाला एक एकटी. माउंटन अॅश म्हणून एक झाड मिळतं, ते नावापुरतंच अॅश, त्याची पानं एकाआड एक येतात आणि हा किडा त्याच्या वाटेला जात नाही.

आता कुठला अॅश ते बघा, कारण सगळं त्यावर अडलंय. पान गळल्यावर काडीवर वण राहतो, तो बघायचा. वणाच्या वरच्या कडेला खाच आणि कळी त्या खाचेत बसलेली असेल तर व्हाइट अॅश (पानाची मागची बाजूही फिकट असते), वरची कड सरळ असेल तर ग्रीन. पर्णिका देठाला थेट चिकटलेल्या आणि झाड दलदलीत वाढलेलं असेल तर ब्लॅक. काडी हातात फिरवून चौकोनी लागली, कडांना बारीक पंख असले, तर ब्लू अॅश, नशीब काढलंत. त्याची आतली साल पाण्यात टाकली की पाणी निळं होतं, म्हणून ते नाव.

ब्लॅक आणि ग्रीन सगळ्यात लवकर जातात, व्हाइटही बहुतेक जातो. ब्लू मात्र तग धरतो, आग्नेय मिशिगनमध्ये कीड येऊन गेल्यावर पाहणी केली तर ६० टक्क्यांहून जास्त ब्लू अॅश जिवंत होते. मांचुरियन अॅश तर किड्याच्या गावचाच, पिढ्यान्‌पिढ्या एकत्र राहून त्याने प्रतिकार कमावलाय. अमेरिकन अॅशना तेवढा वेळच मिळाला नाही. तरी प्रतिकार आहे म्हणजे कीड लागतच नाही असं समजू नका, दुष्काळाने थकलेलं मांचुरियनसुद्धा मरू शकतं.

तुमचा शेंडा किती वाळलाय? पाव भागापर्यंत असेल तर खोडात इंजेक्शन द्या, एमामेक्टीन बेंझोएटचं. हो तेच, तूर-हरभऱ्यावर अळीसाठी फवारतात ते. पानं पूर्ण फुटल्यावर, मे-जूनमध्ये, प्रमाणित आर्बोरिस्टकडून (झाडांच्या तज्ज्ञाकडून), आणि दोन-तीन वर्षांनी परत. निम्म्याच्या वर वाळला असेल तर औषध वर चढायला वाटच उरलेली नसते, मग पैसे घालवू नका, काढाच, कारण मेलेला अॅश फार लवकर ठिसूळ होतो आणि फांदी छपरावर येते. आणि तोडल्यावर लाकडं शेकोटीला म्हणून गाडीत घालून कॅम्पिंगला नेऊ नका, हा किडा लांब पोचला तो असाच.

प्रश्न: शेजारच्या पार्कात सगळे अॅश मेले, एकच हिरवागार उभा आहे. तो रेझिस्टंट का?

उत्तर: असेल किंवा नसेलही. आधी पार्कवाल्यांना विचारा, गुपचूप इंजेक्शन चालू असतं पुष्कळदा. औषध न देता आजूबाजूची जवळपास सगळी मेल्यावरही वर्षानुवर्षं ताजी राहिलेली झाडं असतात, त्यांना 'लिंगरिंग अॅश' म्हणतात, फार थोडी आहेत. ओहायोतल्याच डेलावेअर गावी अमेरिकन वनखात्याचे संशोधक अशा झाडांच्या फांद्या आणून कलमं करतात, त्यावर किड्याची अंडी ठेवून अळ्या जगतात की मरतात ते बघतात, आणि चांगल्या कलमांचा आपसात संकर करतात. आपल्या कोकणातल्या माणसाला कलमाचं कौतुक सांगायला नको.

प्रश्न: आपल्याकडे अॅश असतो का? (नाशिक)

उत्तर: महाराष्ट्रात रानात नाही, हिमालयात आहे. गढवालमध्ये त्याला अंगू म्हणतात. लाकूड हलकं पण चिवट, म्हणून नांगर-जू त्याचं करायचे. गोपेश्वरच्या दशोली ग्राम स्वराज्य संघाने अवजारांसाठी अंगू मागितले तर वनखात्याने नाही म्हटलं, आणि खेळाचं सामान बनवणाऱ्या कंपनीला दिले, टेनिसच्या रॅकेटसाठी. १९७३ च्या एप्रिलमध्ये मंडल गावच्या लोकांनी ती तोड थांबवली, चिपको आंदोलनाची सुरुवात तिथून. आणि घराजवळ नातेवाईक बघायचे असतील तर जाई, जुई, मोगरा, पारिजातक, सगळे अॅशच्याच कुळातले.