टायमिंग चेनची धास्ती

प्रश्न : नुकतीच जुनी पेट्रोल गाडी घेतली. नंतर कळलं, की टायमिंग चेन (पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांचा ताळमेळ राखणारी साखळी) ढिली पडते म्हणून हे इंजिन बदनाम आहे. आता जरा आवाज आला तरी छातीत धस्स होतं. गाडी विकून टाकू का?

उत्तर : घाई नको, आधी कान देऊन ऐका. गाडी रात्रभर उभी ठेवा, सकाळी बॉनेट उघडा आणि दुसऱ्या कुणाला तरी स्टार्ट मारायला सांगा. ताणलेली चेन पहिल्या काही सेकंदांतच खडखडते, कारण चेन ताणून धरणाऱ्या टेन्शनरला ऑइलचा दाब मिळायला तेवढा वेळ लागतो. दाब आला की आवाज दबतो. म्हणूनच इंजिन आधी गरम करून गाडी दाखवणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

खडखड आली किंवा गाडीतले दोष वाचणाऱ्या स्कॅनरवर पी००१६ (क्रँक आणि कॅम या शाफ्टचा ताळमेळ चुकल्याचा) कोड दिसला, तर तपासल्याशिवाय गाडी हलवू नका. चेन दात सोडून सरकली, तर बऱ्याच इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात. चेन बदलाल तेव्हा टेन्शनर आणि चेनला वाट देणारे गाइडही नवेच घाला.

आवाज नसेल, तर कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचं ऑइल लगेच भरून घ्या आणि ऑइलची पातळी दाखवणारी डिपस्टिक नियमित बघा. कमी किंवा जुनाट ऑइलवर पळवलेल्या इंजिनाची चेन लवकर झिजते. आधीच्या मालकाकडून सर्व्हिसची बिलं आजच मागवा.