घरघर राहू द्या, आधी त्या टकटकीचं बघा

प्रश्न : नमस्कार दादा, सांगलीत मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहे. लॅपटॉप 2014 चा, कायम दुकानातच असतो. महिनाभर झाला, सकाळी चालू केला की घर्रर्र करतो, मिक्सरमध्ये काहीतरी अडकल्यासारखं, मग पाचेक मिनिटांनी गप्प होतो. आणि मधेच कधीतरी बारीक टक्‌ टक्‌ येते, तेव्हा टॅली जागच्या जागी अडकून बसतं. एकांना दाखवला तर म्हणाले मदरबोर्ड गेला, नवीनच घ्या. खरंच गेला असेल का हो?

उत्तर : दिवाणजी, मदरबोर्डात फिरणारं काही नसतंच, तो घरघरणार कशानं? त्याच्यावरच्या कॉइलमधून फार तर बारीक चीं असा आवाज येतो, त्यानं काही बिघडत नाही. तुमच्याकडे दोन वेगळी दुखणी आहेत आणि तुम्ही घाबरलाय मोठ्या आवाजाला, मला भीती वाटते ती बारक्या टकटकीची.

ती हार्डडिस्क आहे. आत तबकडी मिनिटाला बहुतेक 5400 वेळा फिरते आणि तिच्यावर एक दांडी मागंपुढं करत वाचत असते, वाचता आलं नाही की दांडी जागेवर परत जाते आणि पुन्हा प्रयत्न करते, तीच ती टक्‌. टॅली अडकतं तेही त्याच क्षणी, म्हणजे माझ्या मते शंकेला फारशी जागा नाही. तेव्हा आज बाकी काही करू नका, पहिल्यांदा टॅलीचा डेटा पेनड्राइव्हवर घ्या, मग बाकीच्या फायली, फोटो सगळ्यात शेवटी. डिफ्रॅग, म्हणजे डिस्कवरच्या फायली नीट लावून घेणं, नको, चेकडिस्क, म्हणजे विंडोजची डिस्क तपासणी, तर नकोच, मरायला टेकलेल्या डिस्कला ते पळवून मारण्यासारखं आहे. डेटा सुखरूप निघाला की मग डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो टाकून बघा, पेंडिंग नाहीतर रिअ‍ॅलोकेटेड सेक्टर, म्हणजे डिस्कवरच्या खराब झालेल्या नाहीतर संशयित जागा, वाढत असले तर निकाल लागला. त्याच जागी अडीच इंची साटा जोडणीची एसएसडी, म्हणजे चिपवर डेटा ठेवणारी डिस्क, बसते, तिच्यात फिरणारं काही नाही त्यामुळे टकटकही नाही, आणि हाच जुना लॅपटॉप पळायला लागतो ते वेगळंच.

आता घरघर. जाळीपाशी कान न्या, लॅपटॉप जरा तिरका करा, आवाज बदलला तर फॅनच. गार असताना जास्त आणि गरम झाल्यावर कमी, म्हणजे बेअरिंगमधलं तेल सुकलंय. यार्डातलाच एक लॅपटॉप मी मागं उघडला होता तर फॅन आणि हीटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पात्यांच्या) मधे हळदीची धूळ न्‌ कापसाचे तंतू मिळून पिवळा नमदा तयार झालेला, चिमट्यानं ओढला तर अख्खी पट्टीच हातात आली! सौद्याच्या दिवसांत तुमच्याकडे हवेतच हळद असते, त्याला कोण काय करणार. साफ करताना फक्त एक सांभाळा, ब्लोअर मारायच्या आधी पात्याला टूथपिक लावून अडवा, मोकळा फॅन भन्नाट फिरला की उरलंसुरलं बेअरिंगही जातं. तरी घरघरला तर फॅन बदला, नव्या लॅपटॉपच्या मानानं ते किरकोळ काम आहे, आणि हीटसिंक काढलाच आहे तर त्याच्या न्‌ चिपच्या मधली, उष्णता वाहून नेणारी थर्मल पेस्ट नवी लावून घ्या.

आणि हो, दुकानात गादीवर ठेवून काम करत असाल तर खालची जाळी बंद होते. खाली एक फळी घ्या.