वाचक विचारतात : गावच नाही, मग चर्च कुणाचं?

प्रश्न : मुलगा लीड्सला असतो, त्याच्याकडे गेलो होतो तेव्हा त्याने यॉर्कशायरमधलं वॉरम पर्सी दाखवलं. गाडी लावून बरंच चालल्यावर खाली दरीत एकदम बिनछपराचं जुनं चर्च, आजूबाजूला नुसतं गवत आणि मेंढ्या. एक घर नाही! मुलगा म्हणाला प्लेगने गाव संपलं. मग चर्च कुणासाठी चालू होतं?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : प्लेगवर सगळं ढकलू नको म्हणावं त्याला. १३४८-४९चा प्लेग तिथेही आला, माणसं गेलीच, पण १३६८ मध्येसुद्धा तिथे तीसेक घरं नांदत होती. गाव उठवलं ते मेंढ्यांनी, म्हणजे खरं तर जमीनदारांनी. शेतीला माणसं लागतात, मेंढ्यांना एखादा मेंढपाळ पुरतो आणि लोकरीचे पैसे बरे मिळतात, मग काय, १५००च्या आसपास उरलीसुरली कुटुंबंही काढली आणि नांगरटीच्या जमिनीचं कुरण केलं. तुम्हाला दिसलेल्या मेंढ्या तिथल्या जुन्या मालकीणबाईच म्हणा ना!

आता चर्च. हे सेंट मार्टिन चर्च एकट्या त्या गावाचं नव्हतंच, ते पॅरिशचं, म्हणजे आसपासची बाकीची गावंही त्यालाच जोडलेली. त्यामुळे गाव गेलं तरी थिक्सेंडेलसारख्या गावांतली माणसं टेकड्या तुडवत प्रार्थनेला इथेच यायची, बाप्तिस्मा, लग्न, माती सगळं इथेच. भिंतीत बुजवलेल्या कमानी बघितल्यात का? माणसं कमी झाली तशा बाजूच्या ओवऱ्या पाडल्या आणि कमानी दगडांनी भरून टाकल्या, मला तर सगळ्यात चटका लावणारी गोष्ट हीच वाटते. पुढे १८७० मध्ये थिक्सेंडेलला स्वतःचं चर्च मिळालं, इथली वर्दळ आटली, १९४९ ला शेवटची प्रार्थना झाली आणि त्यानंतर दहाएक वर्षांत मनोऱ्याचा बराच भाग कोसळला.

गंमत म्हणजे चर्च बंद पडलं आणि लगेच १९५० पासून तिथे उत्खनन सुरू! मॉरिस बेरेसफर्ड हे इतिहासकार आणि जॉन हर्स्ट हे पुरातत्त्वज्ञ, दोघांनी १९९० पर्यंत दर उन्हाळ्यात खणलं, चर्चच्या आवारातच जवळपास सातशे सांगाडे निघाले.

परत गेलात तर चर्चपाशीच थांबू नका, वरच्या पठारावर जा, ऊन तिरपं असताना गवतात चौकोनी उंचवटे दिसतात, ती घरं. तिकीट नाही, पण बूट चांगले घाला, चिखल फार असतो.